ऐकणाऱ्यांचं देणं

तंबोऱ्यावर बसणारा दार लावून रियाज करू शकतो. बासरीवाला लांब एखाद्या माडाखाली जाऊन बसतो, सतारीला घराचा माळा पुरतो. ट्रम्पेटला ही सोय नाही. जवळजवळ पाच फूट लांबीची पितळी नळी, वेटोळी घालून हातभर केलेली. तिच्यातून निघालेला पहिलाच सूर कौलं ओलांडतो, पोफळीची बाग ओलांडतो आणि तिसऱ्या घरातल्या चुलीपाशी जाऊन उभा राहतो. हळू आवाजात शिकावं म्हटलं, तर हळू वाजवणं हीच या वाद्यात सर्वांत शेवटी येणारी विद्या.

आणि शिकणारा माणूस दिवसभर वाजवतो तरी काय? जे त्याला अजून येत नाही तेच. आलेलं वाजवायला वेळ लागत नाही. न आलेल्या चार सुरांना मात्र महिने लागतात. म्हणजे शेजारपाजारच्यांच्या वाट्याला गाणं येतच नाही, येतो गाण्याचा अडलेला तुकडा, रोज, त्याच जागी अडलेला. वेळणेश्वरातल्या आमच्या वाडीने हा तुकडा वर्षानुवर्षं ऐकून घेतला. माझ्यावर गुरूचं ऋण आहे तेवढंच या ऐकून घेणाऱ्यांचंही आहे, असं मी मनापासून मानतो. गुरूला निदान ठाऊक होतं की यातून पुढे काही निघणार आहे. वाडीला ते कोणी सांगितलं नव्हतं.

गाव माझ्या गुरूंना हवालदार म्हणे, मी हवालदारकाका. सैन्याच्या एका पायदळ पलटणीच्या बँडात त्यांची सारी उमेद गेली होती. मध्य प्रदेशात पचमढीला १९५० साली लष्कराची संगीताचं शिक्षण देणारी शाखा निघाली, तिथे ते पाच रेघांवरची पाश्चात्त्य लिपी वाचायला शिकले. रत्नागिरी जिल्ह्याला पलटण नवी नाही. खेड, दापोली, चिपळूण, गुहागर, कुठल्याही वाडीत पेन्शनीत आलेला एखादा शिपाईगडी सापडतोच. हवालदारकाका पेन्शनीत आले तेव्हा ट्रंकेबरोबर एक काळी पेटीही घेऊन आले. पेटीत मेरठच्या जली कोठीत बनलेला ट्रम्पेट होता. देशभरातल्या लग्नाच्या बँडांना लागणारी पितळी वाद्यं मुख्यतः त्याच गल्ल्यांतून येतात. नादिर अली आणि कंपनी ही तिथली पेढी १८८५ पासूनची आहे. काका ते सांगताना घराण्याचं नाव सांगावं तसं सांगत.

समुद्रकाठी पितळ सांभाळणं हे वेगळंच काम. वेळणेश्वरचा खारा वारा दारांच्या बिजागऱ्या खातो, खिडक्यांचे गज खातो, ट्रम्पेटला तर तो आतून आणि बाहेरून दोन्हीकडून गाठतो. देवाची उपकरणी काकू आमसुलाने लख्ख घासत, पण ट्रम्पेटला आमसूल लावायची काकांची सक्त मनाई. नळीच्या वाकात आंबट राहून गेलं तर पितळ पोखरतं. त्याला कोमट पाणी, मऊ फडकं आणि बटणांना पातळ तेल एवढंच. खोबरेल चालत नसे, थंडीच्या पहाटे ते दाट होऊन बटण खाली गेलं की वर येत नाही. ही धुण्यापुसण्याची पाळी काही दिवसांतच काकूंनी माझ्याकडे सोपवली आणि पाळी संपली की हातावर काहीतरी खायला ठेवू लागल्या. फणसाचं साठ, कधी नारळाची वडी. ओठांना विश्रांती देताना खाल्लेलं ते खाणं हा माझ्या शिकण्याचा भाग होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. फुंकण्याइतकंच थांबणं गरजेचं, हा धडा काकांनी सांगितला आणि काकूंनी तो माझ्याकडून पाळून घेतला.

पहिले काही महिने काकांनी ट्रम्पेट वाजवायला दिलाच नाही. फक्त तोंडाशी लावायचा पीस. त्यात ओठांनी भुणभुण करायची, आणि त्या भुणभुणीतच सूर चढवायचा, उतरवायचा. ट्रम्पेटचा सूर नळीत तयार होत नाही. तो दोन ओठांच्या कंपात तयार होतो, नळी त्याला मोठा करते. दम कसा दाबून सोडायचा ते शिकवायला त्यांनी मला हेदवीला नेलं. तिथल्या किनाऱ्यावर बामणघळ आहे, काळ्या कातळातली अरुंद भेग. भरतीचं पाणी पसरट येतं, भेगेत शिरतं आणि जागा उरली नाही की उसळून उंच उडतं. काका कातळावर उभे राहून म्हणाले, "बघ, पाणी तेवढाच आहे. जोर त्याला वाटेने दिलान." तेव्हापासून मी गाल फुगवून वाजवणं सोडलं. दम पोटातून यायचा, वाट ओठांनी अरुंद करायची.

वाजवायला लागलो तेव्हा सगळ्यांच्याच सोयीचं म्हणून आधी पुळणीवर जात असे. देवळाच्या पलीकडे किनारा लांबच लांब आहे, सकाळी माणूस नसतं. पण पुळणीवर आवाज परत येत नाही. वारा तो घेऊन जातो, लाटा त्याच्यावर चढतात, आणि आपलं आपल्याला ऐकू येत नाही म्हणून वाजवणारा जोर वाढवत जातो. ओठ सुजतात, सूर मात्र तसाच राहतो. काकांनी दोन दिवस पाहिलं आणि मला उलट दिशेला, सड्यावर घेऊन गेले. तिथे एक जुनी चिऱ्याची खाण होती. जांभा चौकोनी कापून काढलेला, त्यामुळे तिन्ही बाजूंना सरळ उभ्या लालसर भिंती आणि वर आभाळ. त्या खड्ड्यात उतरून सूर लावला की तो भिंतींना लागून परत येई, जसाच्या तसा. चांगला असेल तर चांगला, फाटका असेल तर फाटका. माझे कान त्या खाणीत तयार झाले. खाण मालकीची होती आणि मालकाने कधीही हटकलं नाही. चिरे काढायचं काम चालू असलं की कामगार मला पाहून फावडी बाजूला ठेवत, विडी पेटवत आणि वाजवून होईपर्यंत थांबत. त्यांची मजुरी चिऱ्यांवर मोजली जात होती. थांबण्याचे पैसे त्यांना कोणी देत नव्हतं.

आता त्या अवघड जागेकडे येतो, कारण सगळं देणं तिच्यापायी झालं.

काकांच्या वहीत एक पद पाच रेघांवर उतरवलेलं होतं. 'संन्यस्त खड्ग' या नाटकातलं, मास्टर दीनानाथांनी गाजवलेलं, पटदीप रागातलं पद. सावरकरांनी हे नाटक लिहिलं तेव्हा ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने ते रंगभूमीवर आणलं, चाली वझेबुवांच्या. काकांनी लहानपणी कुणाच्या तरी ओटीवर ग्रामोफोनची तबकडी ऐकली होती आणि तो आवाज डोक्यात घेऊनच ते पलटणीत गेले होते. बँडात कवायतीच्या धुना, साहेब लोकांच्या जेवणाच्या वेळचं संगीत, निरोपाचं बिगूल, सगळं वाजवलं. हे पद वाजवायची वेळ आली नाही. पेन्शनीत आल्यावर वाजवायचं म्हटलं तर पुढचे दात गेले होते, आणि दात गेले की ट्रम्पेट जातो. पीस टेकायला मागे आधार लागतो. म्हणून ते माझ्याकडून वाजवून घ्यायचं, हे त्यांनी मला शिकवायला घेतलं त्याच दिवशी ठरवलं असावं. मला ते पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

दीनानाथांची तान गळ्यातून वीज पडावी तशी येते. ट्रम्पेटला बटणं तीनच. मधलं बटण सूर अर्ध्याने उतरवतं, पहिलं एका स्वराने, तिसरं दीड स्वराने. बाकी सगळं ओठांनी करायचं. पटदीपात गंधार कोमल, निषाद शुद्ध. चढताना रिषभ-धैवत घ्यायचे नाहीत, उतरताना सातही स्वर. चढणं फारसं कठीण नव्हतं. उतरताना मध्यमापर्यंत तान सुरेख येई, आणि मग ती जागा. मध्यम पहिल्या बटणावर. तिथून कोमल गंधारावर यायचं तर पहिलं उचलून दुसरं आणि तिसरं एकदम दाबायचं. लगेच रिषभ, त्याला तिसरं तसंच धरून दुसरं सोडायचं आणि पहिलं दाबायचं. मग षड्ज, तिन्ही मोकळी. म, ग, रे, सा. गाणाऱ्याला हे चार स्वर म्हणजे उतारावरून खाली येणं. ट्रम्पेटवाल्याची तर्जनी आणि मधलं बोट एकमेकांना ओलांडतात, आणि हाताचं सर्वांत दुबळं बोट, अनामिका, खाली दाबलेली राहते. शेजारची दोन्ही बोटं हलत असताना ती स्थिर ठेवायची. ती उचलली जायचीच. एक पुसटसा, कुठल्याच रागात नसलेला सूर मध्ये फुटायचा.

वर आणखी एक अडचण. पहिलं आणि तिसरं बटण एकत्र दाबलं की सूर किंचित चढा लागतो. नळीच्या लांबीचा हिशेबच तसा आहे, त्यात वाजवणाऱ्याचा दोष नाही. त्यासाठी तिसऱ्या नळीला कडी असते, डाव्या हाताच्या बोटाने ती पुढे सरकवायची म्हणजे नळी लांबते आणि सूर जागेवर येतो. सावकाश वाजवताना हे जमतं. तानेत कडी सरकवायला वेळच नसतो. तिथे ओठच किंचित सैल करून रिषभ खाली आणावा लागतो, आणि किती सैल हे फक्त कान सांगतो.

काकांनी ही जागा सोडवायला लावली ती पद्धत मी आजवर बदललेली नाही. आधी ट्रम्पेट बाजूला. तोंडाने सरगम म्हणायची आणि बोटं मांडीवर चालवायची. मग ट्रम्पेट हातात, पण फुंकायचं नाही, नुसती बटणं. बटणांचा खटखट आवाज एकसारखा आला पाहिजे. जिथे एक खट दोन होते तिथे बोटं एकत्र पडत नाहीत. मग फुंकायचं, पण शेवटून. आधी फक्त रे आणि सा. ते पक्के झाले की ग, रे, सा. मग म पासून. असं मागे मागे जात वरच्या षड्जापर्यंत. याचा फायदा असा की तान वाजवताना माणूस अनोळखीतून ओळखीच्या मुलखात शिरत जातो. सुरुवातीपासून घोकणाऱ्याचं उलट होतं. त्याला सुरुवात तोंडपाठ असते आणि शेवट गाठता गाठता पाय लटपटतात.

ठेका त्यांनी कवायतीचा वापरला. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, धीरे चल म्हणजे ७०. खाणीच्या सपाट तळावर ते स्वतः चालत आणि मी त्यांच्या पावलागणिक एक सूर वाजवायचा. कित्येक महिने फक्त धीरे चल. मी वेग वाढवला की ते जागच्या जागी थांबत. काही बोलत नसत. पाऊल पडलं नाही म्हणजे सूर पडायचा नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस, गुडघे दुखत असताना, माझ्या चार स्वरांसाठी खाणीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत असे. पुढे मी चांगले मेट्रोनोम पाहिले, वापरले. ते माझ्यासाठी थांबले नाहीत.

आर्बनचं पुस्तकही त्यांच्याकडे होतं. कॉर्नेटसाठी लिहिलेलं, १८६४ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा छापलेलं, जगभरातले ट्रम्पेटवाले अजून त्यावरच वाढतात. त्यातला जिभेचा अभ्यास, एकदा जिभेच्या टोकाने आणि एकदा मागच्या भागाने सूर तोडण्याचा, त्यांनी मला 'तु-कु, तु-कु' असा म्हणून घेतला. पटदीपाच्या तानेत सूर तोडून चालत नाही, तरीही त्यांनी ती तान आधी तोडून वाजवायला लावली. प्रत्येक सूर सुटा उभा राहिला की मग तो दुसऱ्याला जोडायचा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुष्कळ जण जोड आधी साधतात, आणि त्या जोडाखाली कच्चे सूर झाकले जातात.

विश्रांतीत ते गोष्टी सांगत. १९५१ मध्ये 'अलबेला' आला तेव्हा ते रजेवर होते आणि थिएटरात ट्रम्पेट ऐकून खुर्चीतून उठले होते म्हणे. तो ट्रम्पेट चिक चॉकलेटचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा माणूस. मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवणारा, आणि आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ठसका भरणारा. गोव्यात चर्चच्या शाळेतून पोरांना लहानपणीच लिपी आणि व्हायोलिन शिकवत, म्हणून तिथून वादक निघाले. काका म्हणत, "त्यांना शाळा मिळाली, मला पलटण मिळाली. तुला काय मिळालाय, ठाऊक हाय? वाडी." मला वाटे ते गावाची थोरवी सांगताहेत. ते नेमकं काय सांगत होते हे कळायला मला चाळीत राहावं लागलं.

आता वाडी.

पटदीप दुपारचा राग. काकांचा आग्रह असा की रागाच्या वेळेलाच तो अंगात मुरतो. आणि कोकणातली दुपार म्हणजे भाताचं जेवण झाल्यावरची, माणसं ओटीवर, पडवीत आडवी झालेली. उन्हाळ्यात खाण तापून जाई, तिथे पाय ठेवता येत नसे, म्हणून मी काकांच्या पडवीतच वाजवी. पहाटे उठून बागेला शिंपणं करणारी, रात्री जाळी सांभाळून आलेली, दुपारच्या त्या तासाभराच्या झोपेवर उरलेला दिवस काढणारी ही माणसं. त्यांच्या झोपेवर माझा म-ग-रे-सा रोज पडत होता. आमच्याकडे भांडायला कोणी आलं नाही. शेजारचा दहावीला बसलेला एक मुलगा होता, त्याच्या वडिलांनी एकदा मला वाटेत गाठून, अगदी अवघडून विचारलं की परीक्षेपुरतं सातनंतर थांबशील का. थांबेन म्हटल्यावर त्यांनीच चारदा आभार मानले. आभार मी मानायचे होते.

पावसाळ्यात घराबाहेर पडणं नाही, आणि पाऊस उघडला की सगळी वाडी चिडीचूप, त्यात ट्रम्पेट फारच टोचे. तेव्हा काकांनी नारळाची एक करवंटी घासून गुळगुळीत केली, तिच्या कडेला काथ्या गुंडाळला आणि ती ट्रम्पेटच्या तोंडात बसवली. आवाज नाकातून आल्यासारखा, पण घरातल्या घरात राहणारा. करवंटीने सूर थोडा चढायचा, फुंकायला उलटा दाब यायचा, तरीही तिच्यामुळे मला हळू वाजवण्याची गोडी लागली. पुढे हर्बर्ट क्लार्कचा १९१२ सालचा अभ्यासग्रंथ हाती आला. त्यातले धडे हलक्या आवाजात, एका दमात पुन्हापुन्हा वाजवायचे. ते वाचताना मला करवंटी आठवली. बोटांचा कच्चेपणा जोराच्या आवाजात लपतो, हलक्या आवाजात त्याला लपायला जागा नाही.

शेजारच्या आजी सगळ्यांत जवळून ऐकत. त्यांचं खळं आणि काकांची पडवी यांत एक गडगा, एवढंच अंतर. त्या सुपारी सोलत बसलेल्या असत. गाणं त्या कधी शिकल्या नव्हत्या, पण आरत्या, ओव्या, देवळातली भजनं जन्मभर कानावर. एकदा माझ्या लक्षात आलं की तान मध्यमावर आली की त्यांचा अडकित्ता थांबतो. मी पुढे जाऊन अडलो की परत चालू होतो. त्या माझ्याबरोबर त्या जागेवर येऊन थांबत होत्या. त्यानंतर मला एकट्याने वाजवल्यासारखं कधी वाटलं नाही. वाडीत एक मयत झालं तेव्हा सुतक फिटेपर्यंत मी ट्रम्पेट पेटीतून काढला नव्हता. सुतक फिटल्यावरही दोन दिवस संकोचाने गेले. आजी गडग्यावरून म्हणाल्या, "काय रं, वाजवत का नायस? त्या जाग्यावर पोचलावतास की आता." त्यांना माझी प्रगती मोजता येत होती.

आणि पोरं. गुरं घेऊन सड्यावर जाणारी, शाळेच्या वाटेवर चालणारी पोरं ही तान शीळ घालून म्हणत, आणि ती जशीच्या तशी म्हणत: मध्यमापर्यंत सुरेख, मग तो मधला फुटका सूर, मग थांबणं. त्यांना वाटे गाणं तसंच आहे. एकदा गुहागरच्या एसटीत मागच्या बाकावर कुणीतरी ती शीळ घातली. माझी अडलेली जागा माझ्या आधी गावाबाहेर पोचली होती. त्या दिवसापासून मी ती माझी खाजगी अडचण मानायचं सोडलं. पोरांच्या तोंडातली तान बरोबर करायची तर आधी माझी बरोबर व्हायला हवी होती. शिकवण्याची जबाबदारी म्हणजे काय, ते मला शिष्य मिळण्याच्या कितीतरी आधी त्या शिळेने शिकवलं.

जागा सुटली ती कुठल्या एका दिवशी नाही. फुटका सूर आधी विरळ झाला, मग थकल्यावर तेवढा येऊ लागला, मग थकल्यावरही येईना. अनामिका आपली आपण खाली राहायला शिकली. रिषभासाठी ओठ सैल होऊ लागले ते मला कळेनासं झालं. काका आता तेज चलच्या पुढे गेले होते, म्हणजे चालणं थांबवून टाळी देत होते, कारण त्या लयीत त्यांना चालवत नव्हतं.

महाशिवरात्रीला वेळणेश्वरला मोठी यात्रा भरते. ज्यांचं हे कुलदैवत ती घराणी मुंबई-पुण्याहून येतात, चाकरमानी येतात. रात्री भजन होतं. भजनी मंडळाच्या बुवांनी त्या वर्षी मला बोलावलं. आपल्याला काळी पाचमध्ये गावं लागेल हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, कारण ट्रम्पेटचा षड्ज तिथे बसतो. त्यांचा गळा काळी एकचा. एवढा फरक पडल्यावर गाणाऱ्याला आपलं सगळं गाणं नव्याने बसवावं लागतं. माझ्या एका पदासाठी त्यांनी ते बसवलं, आणि त्या रात्री बाजूला बसून नुसता आलाप धरला, पद मला दिलं. हेही देण्याच्या वहीत लिहितो.

वाजवलं. तान आली, मध्यमावर आली, आणि तिथे मला समोरच्या बायकांच्या घोळक्यात हालचाल जाणवली. आमची सारी वाडी त्या जागेवर श्वास धरून बसली होती. परगावच्या लोकांना काही कळलं नाही, त्यांनी पदाला मान डोलावली. वाडीतल्यांनी त्या चार स्वरांना डोलावली. आजी शेजारणीला म्हणाल्या, "उतरली गो एकदाची." काका मागे खांबाला टेकून उभे होते. पद संपल्यावर त्यांनी माझ्या हातातून ट्रम्पेट घेतला, पाण्याची चावी दाबून आतलं पाणी काढलं, फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला. ते काम माझं होतं.

पुढे पोटासाठी मुंबईला आलो. लग्नाचे बँड, ऑर्केस्ट्रा, नाटकांच्या मागची साथ, मिळेल ते वाजवलं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात आणि दरबार बँडातले वादक चालता चालता, गुलालात, धक्के खात नाट्यपदाची अवघड तान घेतात ती ऐकून त्यांच्यापुढे हात जोडले. उभं राहून वाजवणं एक, आणि पाय चालत असताना पीस ओठावर स्थिर ठेवणं दुसरं. चाळीत मात्र रियाज होईना. भिंती पातळ, माणसं दमलेली, कुणाचं बाळ, कुणाची रात्रपाळी. पहिल्याच आठवड्यात दार ठोठावलं गेलं आणि ठोठावणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. त्या रात्री काकांच्या 'वाडी' या शब्दाचा अर्थ कळला. गोव्यातल्या वादकाला चर्चची शाळा, काकांना पलटणीची बराक, मला चाळीस-पन्नास घरांचं सोसणं. शिकायला जागा लागते, आणि ती जागा दुसऱ्यांच्या दुपारींतून कापून घ्यावी लागते.

काका गेले तेव्हा मी मुंबईत होतो. काकूंनी पेटी माझ्यासाठी ठेवली होती, आतला पीस पुसून. आजीही गेल्या. खाण आता पावसाच्या पाण्याने भरलेली असते, कडेला करवंदीच्या जाळ्या वाढल्यात.

दोनेक वर्षांपूर्वी वाडीतल्या एका मुलीने मला विचारलं की ती ट्रम्पेट शिकू शकेल का. सहावीत होती, दम चांगला, कान त्याहून चांगला. मी काकांचा ट्रम्पेट तिला दिला. सुट्टीत जाऊन शिकवतो, मधल्या काळात ती फोनवर वाजवून पाठवते. पटदीपाची तान अजून दूर आहे, पण म-ग-रे-सा तिने सुरू केलाय, शेवटून, आधी रे आणि सा. बोटं ओलांडताना तिचीही अनामिका उचलली जाते. फोनमध्ये तो मधला फुटका सूर ऐकला आणि मला लगेच पुढचं सुचलं.

या मे महिन्यात गेलो तेव्हा शिकवणी सुरू करण्याआधी मी वाडीत घरोघर गेलो. माझ्या वेळी हे कोणी केलं नव्हतं, कोणाला सुचलंही नव्हतं. आता घरं बदललीत. काहींची लॉजिंग झालीत, पर्यटक शांततेचे पैसे देऊन येतात, दुपारी पंखे लावून झोपतात. प्रत्येक ओटीवर बसलो, पाणी प्यायलो आणि सांगितलं की ही मुलगी एकच तुकडा पुष्कळ दिवस वाजवणार आहे, तो तुम्हाला अडल्यासारखा वाटेल, आणि तो खरंच अडलेला असेल. एक-दोघांनी वेळा ठरवून मागितल्या, त्या लिहून घेतल्या. एका घरी करवंटीचा उपाय सांगितला. शेवटी आजींच्या घरी गेलो. त्यांची सून आता तिथेच, त्याच खळ्यात, सुपारी सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वाजवू दे. पण रविवारी दुपारी नको, त्या दिवशी हे घरी असतात. आणि तिला सांगा, खळ्याच्या बाजूला तोंड करून वाजव म्हणावं. भिंतीकडे तोंड केलंन तर नीट ऐकू येत नाय."